किती वर्षं म्हणजे न्याय?

आमच्या बचत गटाची बैठक दर महिन्याला अंगणवाडीच्या खोलीत भरते. हप्ते गोळा व्हायचे, वहीवर सह्या व्हायच्या, मग कुणाच्या सुनेचं बाळंतपण, कुणाच्या उसाला तोड आली की नाही, असं बोलत बोलत तास कसा जातो कळत नाही. २०२५ च्या जुलैतली ती बैठक मात्र लवकर संपेना. आषाढी नुकतीच झालेली, पंढरीहून माघारी आलेल्या दोघीतिघी अजून पाय चोळत बसलेल्या. तेवढ्यात एकीनं पेपर पुढं टाकला. ‘बघा ताई, पुण्याच्या त्या पोराचं काय झालं!’

पुण्याचा तो पोरगा कोण, हे कळंबमध्येही कुणाला सांगावं लागत नाही. १९ मे २०२४ च्या मध्यरात्री कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्श गाडीनं मोटारसायकलवरच्या दोन तरुण इंजिनिअरना उडवलं. एक मुलगा, एक मुलगी. दोघंही मध्य प्रदेशातून नोकरीसाठी पुण्यात आलेले, दोघंही जागीच गेले. गाडी चालवत होता असा आरोप ज्याच्यावर आहे तो मुलगा सतरा वर्षांचा. आधी पबमध्ये दारू प्यायला होता असं पोलिसांचं म्हणणं. आणि जामीन देताना बाल न्याय मंडळानं त्याला घातलेली एक अट होती : रस्ते अपघातावर ३०० शब्दांचा निबंध लिहायचा!

‘आमच्या पोरांना सहामाहीला तेवढाच निबंध असतो,’ असं तेव्हा आमच्या गटातली एक सून म्हणाली होती. हसू आलं होतं, आणि लगेच हसल्याची लाजही वाटली होती. आता २०२५ च्या जुलैत बातमी होती ती अशी की, या मुलाला सज्ञान समजून खटला चालवावा ही पोलिसांची मागणी मंडळानं १५ तारखेला फेटाळली.

झालं! सतरंजीवर कोर्टच भरलं.

‘फाशी द्या सरळ,’ एक मावशी म्हणाल्या. ‘फाशी कशाला, जन्मठेप. बसू दे चक्की पिसत.’ ‘दहा वर्षं पुरेत हो, पोरगंच आहे ते.’ ‘आणि गेली ती पोरं नव्हती का?’ एका वहिनीनं मला विचारलं, ‘ताई, तुम्ही बी.ए. झालेल्या. तुम्हीच सांगा, दारू पिऊन माणूस मारला तर किती वर्षं द्यायची?’

मी उत्तर दिलं नाही. कारण त्याच सतरंजीवर दोघीजणी अगदी गप्प बसल्या होत्या. एकीचा नवरा अशाच एका गाडीखाली गेला होता. आणि दुसरीचा मुलगा ती गाडी चालवत होता. त्या दोघींच्या मधे जे काही घडलं त्यात माझाही हात होता. मैत्रिणींनो, ते आज पहिल्यांदा लिहितेय. नावं मात्र लिहीत नाही, लिहिणारही नाही.

२०११ सालची गोष्ट. हंगाम सुरू होता. रस्त्यावर रात्रंदिवस उसाच्या ट्रॉल्या. तिचा नवरा साखर कारखान्यात हंगामी कामगार. रात्रीची पाळी संपवून एम-एटीवर घरी येत होता. समोरून एक पिकअप आली. हळदीच्या कार्यक्रमातून परतणारी. पोरं नाचलेली, प्यायलेली, टेपचा आवाज मोठा. पिकअप रस्त्याची बाजू सोडून सरळ त्याच्या अंगावर गेली. मागून दुसऱ्या गाडीवर त्याचा चुलतभाऊ येत होता, त्यानं सगळं डोळ्यांनी पाहिलं. चालवणाऱ्या पोराला खाली ओढलं तेव्हा त्याच्या तोंडाला भपकन वास आला, असं त्यानं त्या रात्री दहा जणांना सांगितलं.

पण पोराच्या रक्ताचा नमुना घ्यायला दुसऱ्या दिवसाची दुपार उजाडली. तोपर्यंत रक्तात काय राहणार? कागदावर दारू आलीच नाही. राहिला तो फक्त निष्काळजीपणा.

ती माझ्याहून बरीच लहान. दोन लेकरं, धाकटं अंगावर पिणारं. तेराव्यानंतर दोन्हीकडची मंडळी माझ्याकडे आली. मी महिला मंडळात काम करणारी, दोन्ही घरांत माझं येणंजाणं. ‘ताई, तुम्ही समजवा तिला. पोराला आत टाकून हिचा नवरा येणार आहे का माघारी? दीड लाख रुपये देतो म्हणतायत. लेकरांच्या नावानं टाकता येतील.’

मला ते पटलं. खरंच पटलं. मी तिच्या उंबऱ्यात बसून तिला म्हणाले, ‘हे बघ बाई, व्यवहारानं बघ. कोर्टात किती वर्षं जातील? पैसे घे आणि लेकरांकडं बघ.’ ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. मग म्हणाली, ‘तुम्ही म्हणताय म्हणजे बरोबरच असेल ताई.’ स्टँप पेपरवर सह्या झाल्या. कोर्टात चुलतभावानं साक्ष फिरवली, ‘अंधार होता, मला काही दिसलं नाही.’ २०१५ मध्ये मुलगा सुटला.

त्या दिवशी मला वाटलं होतं, चला, एक घर कोर्टाच्या फेऱ्यातून वाचवलं. किती मूर्खपणा होता तो, ते कळायला मला बरीच वर्षं लागली.

पुण्याच्या घटनेनंतर मी या विषयावरचं मिळेल ते वाचायला लागले. ओळखीच्या वकीलबाईंना विचारून विचारून भंडावून सोडलं. जे समजलं ते आपल्या घरगुती भाषेत सांगते.

आपल्याकडे गाडीखाली माणूस मेला की दोन वाटा असतात. पहिली, निष्काळजीपणानं मृत्यू. जुन्या भारतीय दंड संहितेत याला कलम ३०४ अ म्हणत आणि शिक्षा होती जास्तीत जास्त दोन वर्षं, किंवा नुसता दंड. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्या कलम १०६ मध्ये ही शिक्षा पाच वर्षांपर्यंत वाढली. दुसरी वाट, सदोष मनुष्यवध. म्हणजे मारायचा हेतू नव्हता, पण आपण करतोय त्यानं कुणाचा जीव जाऊ शकतो, हे माहीत होतं. याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सगळी लढाई होते ती या ‘माहीत होतं’वर. प्यायलेला माणूस चाकामागं बसतो, तेव्हा त्याला माहीत असतं की नसतं?

मुंबईचं एक प्रकरण या बाबतीत फार महत्त्वाचं आहे. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर अॅलिस्टर परेरा नावाच्या तरुणाची गाडी फुटपाथवर चढली. तिथं झोपले होते रस्त्याच्या कामावरचे मजूर, बायाबापड्या, लेकरं. सात जण मेले, आठ जखमी झाले. त्याच्या रक्तात शंभर मिलिलिटरमागे ११२ मिलिग्रॅम अल्कोहोल सापडलं. कायद्यानं मर्यादा आहे ३० मिलिग्रॅमची.

२००७ साली सत्र न्यायालयानं त्याला किती शिक्षा दिली असेल? सहा महिने आणि पाच लाख रुपये दंड. सात जीवांना सहा महिने! लोक खवळले, मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि त्याच वर्षी सदोष मनुष्यवधाखाली तीन वर्षांची शिक्षा दिली. १२ जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. न्यायमूर्तींनी असंही नोंदवलं की, तीन वर्षांची शिक्षा फारच अपुरी आहे. पण ती वाढवून मागायला सरकारच आलं नाही, म्हणून आम्ही त्यात जात नाही. पण एक गोष्ट त्या निकालानं पक्की केली. पिऊन बेफाम गाडी चालवणाऱ्याला काय होऊ शकतं याची जाणीव असते, असं धरता येतं. ‘दारूत होतो, कळलं नाही’ ही पळवाट नाही.

दिल्लीचं उदाहरण याहून वेगळं. १० जानेवारी १९९९ च्या पहाटे संजीव नंदा या बड्या घरच्या तरुणाच्या बीएमडब्ल्यूखाली सहा माणसं गेली, त्यात तीन पोलीस. निकाल सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचायला २०१२ चा ऑगस्ट उजाडला. गुन्हा सदोष मनुष्यवधाचाच धरला. पण शिक्षा म्हणून आधी भोगलेली दोन वर्षं पुरेशी मानली, वर पन्नास लाख रुपये भरायला लावले आणि दोन वर्षं समाजसेवा सांगितली.

बघा, एका ठिकाणी सात जीव, तीन वर्षं. दुसऱ्या ठिकाणी सहा जीव, दोन वर्षं आणि पन्नास लाख. मग कुणी म्हणेल, जिवाला भाव आहे की काय? आमच्या मावशींनी हेच विचारलं. ‘ज्याच्याकडं पन्नास लाख न्हाईत त्यानं काय करायचं? त्यानं आतच बसायचं का?’ प्रश्न अगदी रास्त आहे. श्रीमंताला दंड म्हणजे टोलनाक्यावरची पावती. आणि मालकाची गाडी चालवणाऱ्या गरीब ड्रायव्हरला पाच हजारही डोंगराएवढे.

आणि आपल्या राज्यात तर हे वरचेवर घडतंय. पुण्याच्या घटनेला दोन महिनेही झाले नव्हते, तोच ७ जुलै २०२४ च्या पहाटे मुंबईत वरळीला एका आलिशान गाडीनं स्कूटरवरच्या नवरा-बायकोला धडक दिली. मासळी घेऊन घरी निघालेली ती कोळी बाई गाडीबरोबर फरफटत गेली आणि मेली. चालवणारा पळून गेला, दोन दिवसांनी सापडला. दोन दिवसांनी रक्त तपासून दारू थोडीच सापडणार!

पळून जाणाऱ्याला कडक शिक्षा हवी म्हणून नव्या संहितेत कलम १०६ मध्ये एक पोटकलमही होतं. अपघात करून पोलिसांना न कळवता पळाला तर दहा वर्षांपर्यंत कैद. जानेवारी २०२४ मध्ये देशभरच्या ट्रकवाल्यांनी त्याविरुद्ध संप केला. आपल्याकडे पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या, आठवतं ना? १ जुलैला बाकी कायदा लागू झाला तेव्हा तेवढं पोटकलम मागं ठेवलं गेलं. ट्रकवाल्यांचं म्हणणंही मी ऐकलंय. आमच्याच आळीतला एक जण ट्रक चालवतो. ‘ताई, थांबलो तर जमाव जिता सोडत नाही. पळालो तर दहा वर्षं. आम्ही मरायचं कुठं?’ त्यालाही उत्तर द्यावं लागेल. जीव वाचवायला पुढच्या पोलीस चौकीत जाऊन हजर होणारा आणि पुरावा संपवायला लपून बसणारा, या दोघांत फरक करायलाच हवा.

आता त्या सतरा वर्षांच्या मुलाचं. बाल न्याय कायद्याप्रमाणे सोळा ते अठरा वयाच्या मुलावर सज्ञानासारखा खटला चालवायचा, तर गुन्हा ‘निर्घृण’ असावा लागतो. निर्घृण म्हणजे ज्याला कायद्यानं किमान सात वर्षांची शिक्षा लिहिलेली आहे असा. दिल्लीत २०१६ मध्ये अशाच एका अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली एक तरुण गेला होता. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ९ जानेवारी २०२० रोजी सांगितलं, ज्या गुन्ह्यात जास्तीत जास्त शिक्षा मोठी आहे पण किमान सात वर्षं लिहिलेली नाहीत, तो या व्याख्येत बसत नाही. सदोष मनुष्यवधाचं तसंच आहे. बाल न्याय मंडळापुढं दोषी ठरलेल्या मुलाला जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात ठेवता येतं.

हे सांगितल्यावर गटात गलका झाला. पण मी एक विचारलं. ‘तुमच्यापैकी किती जणींच्या घरात अठराच्या आतलं पोरगं गाडी चालवतं?’ एकदम शांतता! मग एकेक हात वर यायला लागला. दूध घालायला, चक्कीवर, ट्यूशनला... पोरगं बुलेट घेऊन जातं आणि आपण कौतुकानं बघतो. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात कलम १९९ अ आलं. अल्पवयीन मुलानं गाडीनं गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, वर्षभर गाडीची नोंदणी रद्द. त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. किल्ली हातात देणारा हातही कायद्याला दिसतो, बाई!

पुण्याच्या प्रकरणात तर पुढं याहून भयंकर आरोप झाले. मुलाच्या रक्ताचा नमुना बदलला, त्या जागी आईचं रक्त ठेवलं, या आरोपावरून डॉक्टरांना आणि आई-वडिलांना अटक झाली. खरंखोटं न्यायालय ठरवेल. पण ती बातमी वाचताना मला २०११ ची ती दुपार आठवली. आमच्याकडे रक्त बदलायची गरजच पडली नव्हती. नुसता उशीर पुरला होता. आणि बाकीचं काम मी केलं होतं, उंबऱ्यात बसून.

म्हणून ‘किती वर्षं’ या प्रश्नाच्या आधी मला दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटायला लागला. शिक्षा होते का? कायद्यात दहा वर्षं लिहिली आणि शंभरातला एकच आत गेला, तर बाकीच्यांना धाक कसला? ढाब्यावरून उठणारा माणूस कलमं आठवत नाही. पुढच्या वळणावर पोलीस उभा असेल आणि त्याच्या हातात फुंकर मारायचं यंत्र असेल, एवढंच त्याला आठवतं.

इतर देशांत यावर आयाबाया कशा उभ्या राहिल्या तेही ऐका. अमेरिकेत १९८० साली कँडी लाइटनर या बाईची तेरा वर्षांची लेक एका दारूड्या चालकानं उडवली. हा चालक आधीही पिऊन गाडी चालवताना पकडला गेला होता, आणि तरी रस्त्यावर मोकळा होता. त्या आईनं त्याच वर्षी इतर आयांना जमवून संघटना उभी केली. राज्याराज्यांत कायदे कडक करून घेतले.

जपानमध्ये १९९९ साली महामार्गावर एका प्यायलेल्या ट्रकचालकानं मागून धडक दिली आणि मोटारीतल्या दोन चिमुकल्या बहिणी, एक तीन वर्षांची आणि एक वर्षाची, आईबापांच्या डोळ्यांदेखत जळून गेल्या. चालकाला चार वर्षांची शिक्षा झाली. त्या आईबापांनी इतर पीडित कुटुंबांबरोबर लाखो सह्या गोळा केल्या, आणि २००१ मध्ये तिथं धोकादायक वाहन चालवण्याचा वेगळा गुन्हा झाला. शिक्षा पंधरा वर्षांपर्यंत, पुढं ती वीस वर्षांपर्यंत नेली. पण मला जास्त भावलं ते पुढचं पाऊल. २००७ मध्ये त्यांनी प्यायलेल्याला गाडी देणारा, गाडी चालवायचीय हे माहीत असून दारू पाजणारा आणि त्याच्या शेजारी निमूट बसून जाणारा, यांनाही शिक्षेच्या कक्षेत आणलं. आपल्याकडच्या हळदीच्या आणि वरातीच्या रात्री आठवा. किती जण असतात त्या पिकअपमध्ये!

मग माझ्या मते न्याय्य शिक्षा कोणती? मी वकील नाही, पण इतक्या वर्षांच्या टोचणीनंतर माझं मत झालंय, ते मांडते.

पहिलं, पिऊन चाकामागं बसणं हाच गुन्हा. कुणी मेलं नाही तो चालक चांगला नसतो, नशीबवान असतो. सध्या पहिल्यांदा सापडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही आहे, दुसऱ्यांदा सापडल्यास दोन वर्षं किंवा पंधरा हजार किंवा दोन्ही. बहुतेक जण दंड भरून मोकळे होतात. त्यापेक्षा पहिल्याच वेळी लायसन काढून घ्यावं. पोटावर येतं म्हणाल, पण चुलीशी रॉकेल घेऊन बसणाऱ्याला आपण म्हणतो का, अजून पेटलं नाही ना?

दुसरं, माणूस मेला तर तुरुंग हवाच. पैसे भरून त्यातून सुटका नको, मग तो पाच लाखवाला असो की पाच हजारवाला. पण जो थांबला, ज्यानं जखमीला दवाखान्यात नेलं, कोर्टात खरं कबूल केलं, त्याची वर्षं कमी असावीत. फाशी-जन्मठेपेच्या मी विरुद्ध आहे. शिक्षा इतकी मोठी केली, की गावातलं कुणी साक्ष द्यायला धजणार नाही. ‘पोराचं आयुष्य माझ्या जिभेवर नको’ म्हणत सगळे आंधळे होतील. मी पाहिलंय ते.

तिसरं, पळाला, ड्रायव्हर बदलून उभा केला, रक्त बदललं, साक्षीदार फोडला, तर त्याची शिक्षा वेगळी आणि जास्त. दारूच्या नशेत झालेली चूक एका रात्रीची असते; हे सगळं शुद्धीत, ठरवून केलेलं असतं.

चौथं, ज्यानं जीव घेतला त्याच्या हातात पुन्हा स्टिअरिंग नको. हे सगळ्यात साधं, आणि आमच्या गटात यावर एकमत झालं.

एवढं बोलून झाल्यावर मी धीर केला आणि तिच्याकडे वळले. आता तिची थोरली लेक नर्सिंगला आहे. विचारलं, ‘तुला काय वाटतं गं? किती वर्षं हवी होती?’

तिनं पदर सारखा केला. ‘वर्षं मी मोजलीच न्हाईत ताई. त्यानं एकदा कोर्टात उभं राहून म्हणायचं होतं, व्हय, मी पिलो होतो. तेवढं लिहून यायला पायजे होतं. आता कागदावर काय हाय? अंधार होता म्हणून माझा माणूस मेला. लेकीला दाखवायला तेवढाच कागद हाय माझ्याकडं.’

खोलीत कुणी बोलेना. आणि मग दुसरी बोलली. तिला आम्ही सगळ्या आक्का म्हणतो. वयानं थकलेली, गुडघे धरून बसलेली. ‘सुटला तवा मी देवाला नारळ फोडला,’ ती म्हणाली. ‘अजून पितोय. अजून गाडी चालवतोय. रातच्याला फटफटीचा आवाज आला न्हाई की मी दारात बसती. बाई, तवा दोन-तीन वर्षं आत गेला असता, तर मला लेक मिळाला असता माघारी. तुम्ही त्याला वाचवला न्हाई. तुम्ही त्याला तसाच सोडला.’

हे ‘तुम्ही’ मला होतं. बरोबर होतं.

दोघींनी एकमेकींच्या गळ्यात पडून रडावं, असं काही झालं नाही. आक्का उठायला लागली तेव्हा हिनं तिला हात दिला, एवढंच. आणि वहीवर सह्या करून आम्ही पांगलो.

मैत्रिणींनो, शिक्षा किती असावी हे दिल्ली-मुंबईत ठरतं. पण ती व्हावी की नाही, यातलं बरंच काही आपल्या उंबऱ्यावर ठरतं. म्हणून ज्या चुका मी केल्या त्या तुम्ही करू नका, एवढ्यासाठी हे थोडं सांगते.

अपघात झाला आणि चालक प्यायलेला वाटला, तर त्याच वेळी पोलिसांना तसं स्पष्ट सांगा, तक्रारीत लिहून घ्यायला लावा. पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक झालेल्याची वैद्यकीय तपासणी अटकेपासून दोन तासांत व्हावी असं मोटार वाहन कायदा सांगतो. घड्याळ बघा आणि विचारत राहा. तक्रारीची प्रत मागून घ्या, ती फुकट मिळते.

भरपाईचा दावा आणि फौजदारी खटला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे मला २०११ मध्ये माहीत नव्हतं, आणि त्या अज्ञानाची किंमत तिनं मोजली. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात विम्याची भरपाई मागणं हा हक्क आहे. त्यासाठी साक्ष फिरवावी लागत नाही, गप्प बसावं लागत नाही. चालक प्यायलेला होता म्हणून मेलेल्याच्या घरच्यांचा हक्कही जात नाही. ‘पैसे हवे असतील तर मिटवून घ्या’ असं कुणी म्हणालं, तर समजा, तो एक तर अडाणी आहे, नाहीतर लबाड. मी अडाणी होते. २०१९ च्या दुरुस्तीनं दाव्याला सहा महिन्यांची मुदत घातली आहे, तेव्हा दुःखात असलात तरी कुणाला तरी वकिलाकडे धाडा. बाईला कोर्टात वकील फुकट मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथं विचारा.

आणि जखमीला दवाखान्यात न्यायला घाबरू नका. मदत करणाऱ्याला नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही, असं कायद्यातच आहे.

गावातली दारू बंद करायला आपण बायकांनी ‘आडवी बाटली’ करून दाखवली आहे. रस्त्यावरच्या दारूसाठी मतदान नसतं. तिथं एकच मतपेटी आहे, आपल्या खुंटीवरची किल्ली. आमच्या गटानं त्या दिवशी ठराव केला. घरातला माणूस प्यायलेला असेल तर किल्ली द्यायची नाही, भांडण झालं तरी चालेल. हळद असो, वरात असो, घरच्या गाडीचा चालक कोण, ते आधी ठरवायचं आणि त्याला पिऊ द्यायचं नाही. ठरावावर अंगठे आणि सह्या मिळून सतरा झाल्या.

अठरावी सही आक्काची. तिला लिहिता येत नाही, तरी तिनं अंगठा नको म्हटलं. पेन हातात घेऊन दोन अक्षरं कशीबशी गिरवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात आली. कमरेची पिशवी उघडून पिकअपची किल्ली माझ्या हातावर ठेवली. म्हणाली, ‘तुझ्याकडं राहू दे. मागाय आला तर देऊ नको.’

तो दोनदा मागायला आला. मी दिली नाही.